उपासनामंदिर आणि स्वयंसेवा : गिरगावच्या प्रार्थना समाजाच्या सेवाकार्याची एक चिकित्सा

प्रस्तावना

प्रत्येक मोठ्या उपासनास्थळाभोवती विनामूल्य सेवा करणाऱ्यांचा एक वर्ग उभा राहतो. ख्रिस्ती कॅथीड्रलमध्ये गायकवृंद, वेदीची सजावट, आलेल्यांचे स्वागत, रविवारची शाळा, रुग्णभेटी, गरिबांना साहाय्य अशा कामांसाठी स्वयंसेवकांचे स्वतंत्र गट असतात. मुंबईला ही रीत फार पूर्वीपासून परिचित आहे. फोर्टातील सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले आणि लगेच १७१९ मध्ये तेथील धर्मगुरू रिचर्ड कॉब यांनी गरीब मुलांसाठी धर्मादाय शाळा सुरू केली. या चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला तो पुढे १८३७ मध्ये. म्हणजे कॅथीड्रल होण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी त्या वास्तूला सेवाकार्याची जोड मिळाली होती.

मराठी समाजात उपासना व संघटित लोकसेवा यांची अशी जोड घालण्याचा पहिला ठळक प्रयत्न गिरगावच्या प्रार्थना समाजाने केला. या समाजाचा धर्मविचार, त्याचे ब्राह्म समाजाशी असलेले नाते, रानडे-भांडारकरांचे तत्त्वचिंतन यांवर बरेच लेखन झाले आहे. परंतु त्या मंदिराभोवती जमलेल्या स्वयंसेवकांचा स्वतंत्र विचार अभावानेच झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात १८६७ ते १९२६ या कालखंडातील सेवाकार्याची चिकित्सा त्या दृष्टीने करण्याचा प्रयत्न केला आहे. सेवाकार्याचे मूल्यमापन करताना सामान्यतः किती शाळा काढल्या, किती लोकांना मदत झाली, हे पाहिले जाते. येथे मात्र निराळा निकष लावला आहे : ज्याने सेवा स्वीकारली, त्याला त्याच घरात सेवा देण्याचा व निर्णय घेण्याचा अधिकार मिळाला काय?

सेवेचे दोन प्रकार

चिकित्सेच्या सोयीसाठी उपासनास्थळाशी निगडित सेवेचे दोन प्रकार मानता येतील. पहिली उपासनांतर्गत सेवा. भजन, संगीत, मंदिराची व्यवस्था, उत्सवाची तयारी ही कामे या प्रकारात येतात. ती करणारा स्वयंसेवक व त्या सेवेचा लाभ घेणारा उपासक हे एकाच मंडळीचे घटक असतात. दुसरी उपासनाबाह्य सेवा. शाळा, दवाखाना, वसतिगृह, दुष्काळातील मदत ही तिची रूपे होत. येथे सेवा देणारा मंडळीच्या आतला आणि सेवा घेणारा बहुधा बाहेरचा असतो.

पहिल्या प्रकारात समता गृहीत असते. आज जो टाळ धरतो तो उद्या श्रोता होतो. दुसऱ्या प्रकारात मात्र देणारा आणि घेणारा यांच्यात एक उंबरठा असतो आणि तो ओलांडण्याची मुभा केवळ देणाऱ्याला असते. उपासनाबाह्य सेवेचे खरे नैतिक मूल्य या उंबरठ्याचे काय होते यावर अवलंबून आहे. तो कालांतराने झिजला तर सेवा समाजपरिवर्तनाचे साधन ठरते. तो तसाच राहिला तर सेवा हे देणाऱ्याच्या पुण्यसंचयाचे निमित्त होते. भारतीय परिस्थितीत या उंबरठ्याला जातीचा अर्थ चिकटलेला असल्यामुळे हा प्रश्न अधिक तीव्र होतो.

मंदिर आणि त्याचे पहिले कार्यकर्ते

३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. तत्पूर्वी १८४९ मध्ये स्थापन झालेली परमहंस सभा जातिभेद मोडण्याचा निर्धार करूनही गुप्त राहिली आणि गुप्तता फुटताच विस्कटली. हा अनुभव ताजा असल्यामुळे प्रार्थना समाजाने उघड पण सावध मार्ग स्वीकारला. एकेश्वरी उपासना, मूर्तिपूजेचा त्याग, संतांच्या अभंगांचा उपासनेत वापर हे त्याचे विशेष होते. जातित्याग ही मात्र सभासदत्वाची अट करण्यात आली नाही. पुढील सर्व सेवाकार्याचे सामर्थ्य व मर्यादा या एका निर्णयात बीजरूपाने सामावलेल्या आहेत, असे म्हणता येईल.

१८७० च्या दशकात गिरगावात समाजाचे मंदिर उभे राहिले. १८७३ मध्ये ‘सुबोध पत्रिका’ सुरू झाली. पंढरपूर येथे १८७५ मध्ये सुरू झालेल्या बालहत्याप्रतिबंधक गृहाच्या कार्याची जबाबदारी समाजाने पुढे वाहिली आणि मुंबईत श्रमिकांसाठी रात्रीच्या शाळा चालविल्या. समाजाची सभासदसंख्या कधीच मोठी नव्हती. न्यायाधीश, प्राध्यापक, वकील, डॉक्टर, शिक्षक अशा सुशिक्षितांचा तो मेळा होता. त्यामुळे येथील स्वयंसेवा ही प्रामुख्याने फावल्या वेळातील सेवा होती. दिवसा कचेरी, सायंकाळी समिती, रविवारी उपासना असा तिचा क्रम असे. अशा सेवेत नियमितपणा, हिशेबाची चोख पद्धती व सार्वजनिक विश्वासार्हता हे गुण येतात. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या वस्तीत राहून त्यांचे जीवन समजून घेण्याची सवड मात्र तिला नसते.

विठ्ठल रामजी शिंदे : गिरगावहून परळकडे

ही उणीव ओळखणारा कार्यकर्ता समाजाला १९०३ मध्ये मिळाला. विठ्ठल रामजी शिंदे हे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियन पंथीयांच्या साहाय्याने तौलनिक धर्माचे अध्ययन करून परतले व मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. इंग्लंडमधील वास्तव्यात गरीब वस्त्यांतून चालणारी धर्मसंस्थांची कामे त्यांनी जवळून पाहिली होती. धर्ममंदिराने आपले कार्यकर्ते वस्तीत पाठवावेत, ही कल्पना त्यांच्या मनात तेथे पक्की झाली असावी.

मुंबईत आल्यावर त्यांनी आधी मंदिराच्या आतील सेवेची घडी बसविली. तरुणांसाठी तरुण ब्राह्म संघ, टपालाने उदार धर्मविषयक साहित्य पाठविणारे पोस्टल मिशन आणि कुटुंबांना एकत्र आणणारे कौटुंबिक उपासना मंडळ हे उपक्रम या काळातले आहेत. ज्याला जे जमेल ते काम देऊन प्रत्येक उपासकाला कार्यकर्ता करण्याची ही योजना होती. कॅथीड्रलमधील स्वयंसेवक गटांशी तिचे साम्य सहज लक्षात येते.

त्यानंतरचे पाऊल मात्र मंदिराबाहेर पडले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटीची, म्हणजेच भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळीची, स्थापना होऊन परळ येथे ग्लोब मिलजवळ पहिली शाळा उघडली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष व शिंदे चिटणीस होते. शाळा, वसतिगृह, शिवणकाम व पुस्तकबांधणी यांचे वर्ग, आजाऱ्यांची शुश्रूषा, भजन व व्याख्याने असे कामाचे स्वरूप होत गेले. १९०७ मध्ये निराश्रित सेवासदन निघाले. शिंदे यांच्या भगिनी जनाक्का, वामनराव सोहोनी, सय्यद अब्दुल कादर यांसारख्या कार्यकर्त्यांनी या कामाला आपले दिवसच्या दिवस दिले. फावल्या वेळातील सेवेची जागा येथे पूर्णवेळ सेवेने घेतली. गिरगावचा स्वयंसेवक आठवड्यातून एकदा भेट देणारा होता. परळचा स्वयंसेवक तेथे राहणारा झाला. मराठी समाजातील लोकसेवेच्या इतिहासात हे स्थित्यंतर फार महत्त्वाचे आहे.

मंडळी स्वतंत्र का?

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मंडळीचे अध्यक्ष, चिटणीस व अनेक कार्यकर्ते प्रार्थना समाजाचे होते, तरीही मंडळी समाजाची शाखा न होता स्वतंत्र संस्था झाली. असे का व्हावे?

या व्यवस्थेचे समर्थन करता येते. संस्था स्वतंत्र असल्यामुळे समाजाची मते न पटणाऱ्या दात्यांचे साहाय्य घेता आले, विविध धर्मांचे कार्यकर्ते सामावता आले आणि मदतीच्या मोबदल्यात धर्मांतर अपेक्षित आहे असा संशय कोणास घेता आला नाही. त्या काळात हा संशय किती प्रबळ होता हे लक्षात घेता या युक्तिवादास वजन आहे.

परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. मंडळी स्वतंत्र झाल्यामुळे गिरगावच्या मंदिरातील उपासकांना परळच्या कामाला वर्गणी देण्याची सोय झाली, पण परळच्या लोकांसोबत शेजारी बसण्याची निकड उरली नाही. १९०७ मध्ये परळ येथे सोमवंशीय मित्र समाज स्थापन झाला आणि तेथील अस्पृश्य मानलेल्या बांधवांची उपासना तेथे होऊ लागली. त्या वस्तीतील लोकांनी स्वतःचे उपासना मंडळ चालवावे, ही गोष्ट स्वागतार्हच होती. तथापि एका ईश्वराची एकच उपासना गिरगावात एका मंडळीने व परळला दुसऱ्या मंडळीने करावी, यातून तत्त्व आणि आचार यांमधील अंतर उघड होते. सेवा उंबरठ्याबाहेर गेली, पण उंबरठा जागेवरच राहिला.

हे अंतर शिंदे यांना जाणवत होते असे मानण्यास आधार आहे. समाजातील मतभेद वाढत जाऊन १९१० मध्ये त्यांनी प्रचारकपद सोडले आणि पुढे मिशनचे मुख्य केंद्र पुण्यास हलविले. या घटनेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी उपलब्ध साधनांत आढळतात. द्वारकानाथ गोविंद वैद्य यांचा ‘प्रार्थनासमाजाचा इतिहास’ (१९२७) हा घरातल्या माणसाने लिहिलेला ग्रंथ आहे. संस्थेचे सातत्य जपणे हा त्याचा स्वाभाविक कल आहे. शिंदे यांचे ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे आत्मचरित्र घर सोडलेल्या कार्यकर्त्याचे आहे. त्यात संस्थेपेक्षा कार्य मोठे मानले आहे. गो. मा. पवार यांनी आपल्या शिंदेचरित्रात दोन्ही बाजूंची साधने विचारात घेतली आहेत. मात्र या तिन्ही ग्रंथांचे केंद्र नेता किंवा संस्था हे असल्याने परळच्या शाळेत शिकलेल्या मुलाच्या बाजूने हा इतिहास कसा दिसतो, हा प्रश्न कडेला राहतो. आपल्या प्रबोधनाच्या इतिहासलेखनाची ही एक सार्वत्रिक मर्यादा मानावी लागेल.

दामोदर हॉल : सेवा घेणाऱ्यांचे उत्तर

१९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. तिचेही अध्यक्षपद चंदावरकरांकडे आले. लीगने उपासनेचा आधार पूर्णपणे बाजूस ठेवला. रात्रशाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये, गिरणी कामगारांच्या वस्तीतील आरोग्यकार्य अशी कामे तिने हाती घेतली आणि परळचा दामोदर हॉल हे या कार्याचे प्रसिद्ध केंद्र झाले. जोशी स्वतः पुढे कामगार चळवळीत गेले आणि १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा वाटा राहिला. सेवेकडून हक्काकडे जाणारी वाट त्यांच्या जीवनात स्पष्ट दिसते.

अस्पृश्यतेच्या प्रश्नात हीच वाट डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दाखविली. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढील साक्षीत त्यांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, ही भूमिका मांडली. हितचिंतकांनी परस्पर प्रतिनिधी ठरविण्याची कल्पना त्यांना मान्य नव्हती. पुढे २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालय परळच्या याच दामोदर हॉलमध्ये होते. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, परंतु कार्यकारी मंडळाची सूत्रे आंबेडकरांकडे होती. वसतिगृह, वाचनालय, शिक्षणप्रसार ही सभेची कामे पाहिली तर ती मिशन व लीग यांच्या कामांहून फारशी भिन्न दिसत नाहीत. फरक निर्णयाच्या अधिकारात होता. ज्यांची सेवा व्हावयाची ते आता स्वतः कार्यकर्ते होते आणि जुन्या हितचिंतकांना सन्मानाचे पण दुय्यम स्थान होते.

या घटनेकडे मिशनचे अपयश म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ज्या परिसरात सुमारे दोन दशके शाळा, वाचनालये व सभा यांचे वातावरण निर्माण झाले होते, त्याच परिसरात स्वावलंबी संघटना उभी राहिली. शिंदे यांनीही १९२३ मध्ये मिशनच्या कामातून अंग काढून घेतले. सेवेच्या यशाची एक कसोटी अशी सांगता येईल की तिने सेवकाची गरज संपवावी. या कसोटीवर परळचे काम उतरते. गिरगावच्या मंदिराविषयी तसे निःशंकपणे म्हणता येत नाही.

दादर आणि लालबाग : उत्सवाचे स्वयंसेवक

एका अर्थी हाच प्रश्न १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात पुन्हा उभा राहिला. वर्गणी सर्व हिंदूंकडून घ्यावयाची आणि पूजेचा अधिकार मात्र काहींनाच, या विसंगतीवर प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले व डॉ. आंबेडकर यांनी बोट ठेवले. अस्पृश्य मानलेल्या व्यक्तीसही गणपतीची पूजा करू द्यावी, अशी मागणी होऊन मोठा संघर्ष झाला. ‘सार्वजनिक’ या विशेषणाचा अर्थ काय, हा त्या वादाचा गाभा होता. गणपतीचा मांडव उभारण्यास, पैसा गोळा करण्यास, गर्दी आवरण्यास सर्वांची सेवा चालते, मग गाभाऱ्यातील सेवा का चालू नये? उपासनाबाह्य सेवेतील उंबरठा उपासनांतर्गत सेवेतही असू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. वर मांडलेल्या वर्गीकरणात पहिल्या प्रकारात समता गृहीत धरली होती. दादरच्या घटनेने त्या गृहीतकाला मर्यादा घातली आहे.

आजच्या मध्य मुंबईत स्वयंसेवेचे सर्वांत मोठे दृश्य रूप गणेशोत्सव मंडळांत आढळते. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासूनचा, तर लालबागच्या राजाचा १९३४ पासूनचा. दर्शनाच्या रांगा, पाणी, प्रथमोपचार, विसर्जनाची मिरवणूक या सर्वांचा भार वस्तीतील तरुण कार्यकर्ते वाहतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे लालबागच्या मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता ‘आरोग्योत्सव’ साजरा केला व रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरे घेतली. उत्सवाचे संघटन उपासनाबाह्य सेवेकडे किती त्वरेने वळू शकते, याचे हे उदाहरण आहे. त्याचबरोबर सामान्य भाविकाची रांग व विशेष पाहुण्यांची वाट यांतील भेदावर वृत्तपत्रांतून वारंवार टीका होत आली आहे. रांगेत उभा राहिलेला माणूस आणि दोर धरून उभा असलेला कार्यकर्ता यांच्यातील नाते सेवेचे की सत्तेचे, हा प्रश्न येथेही सुटत नाही.

महाविद्यालयांसाठी काही विचार

या चिकित्सेचा संबंध आपल्या महाविद्यालयांशीही पोहोचतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतील स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत सामुदायिक सहभागाला श्रेयांक मिळू लागले आहेत. मुंबईतील विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी चौपाट्यांवर निर्माल्य गोळा करतात, रक्तदान शिबिरे घेतात, वस्त्यांतून सर्वेक्षण करतात. ही कामे उपयुक्त आहेत. मात्र त्यांची नोंद तासांत होते, आणि तास हे देणाऱ्याच्या बाजूचे माप आहे. वस्तीतील लोकांनी कामाची निवड केली काय, पुढील वर्षी त्यांच्यापैकी कोणी ते काम चालविण्यास पुढे आले काय, याची नोंद अहवालात क्वचितच आढळते. गिरगावच्या मंडळीलाही वर्गणीचा हिशेब पाईपर्यंत ठेवता येत होता. तिला हाच दुसरा हिशेब ठेवता आला नाही.

निष्कर्ष

१. प्रार्थना समाजाने उपासनेला लोकसेवेची जोड देऊन मराठी समाजात संघटित स्वयंसेवेचा पाया घातला. जातित्यागाची अट न घालण्याच्या सावध धोरणामुळे ही सेवा टिकली व त्याच धोरणामुळे ती मर्यादितही राहिली.

२. शिंदे यांच्या मिशनने फावल्या वेळातील सेवेचे रूपांतर वस्तीत राहून करावयाच्या पूर्णवेळ सेवेत केले. तथापि मिशन मंदिरापासून वेगळे ठेवल्याने मंदिरातील उपासकांच्या आचारात अपेक्षित बदल घडून आला नाही.

३. बहिष्कृत हितकारिणी सभेने सेवेचे तेच कार्यक्रम सेवा घेणाऱ्यांच्या नेतृत्वाखाली चालवून दाखविले. सेवा आणि स्वाभिमान यांचा मेळ येथे बसला.

४. दादर येथील १९२६ चा वाद व आजच्या उत्सवांतील रांगा यांवरून दिसते की उपासनास्थळातील स्वयंसेवेची परीक्षा सेवकांच्या संख्येने वा श्रमाच्या तासांनी होत नाही. सेवेच्या संधी सर्वांस सारख्या खुल्या आहेत काय, यावर ती अवलंबून आहे.

सेवा करण्याची संधी हाही एक सामाजिक अधिकार आहे. आजवर आपण सेवा मिळण्याच्या अधिकाराचा विचार पुष्कळ केला. सेवा करण्याच्या अधिकाराचे वाटप कसे झाले, याचा अभ्यास गिरगाव, परळ, दादर व लालबाग येथील संस्थांच्या दप्तरांतून अद्याप व्हावयाचा आहे. या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी तो एकत्रितपणे हाती घ्यावा, हे उचित होईल.